भावाचं टेक्सासचं कॉलेज पॅक-१२ मध्ये चाललंय, हे वर जाणं की नुसतं बाजूला सरकणं?

सांबरा_टू_सॅन_मार्कोस :

मंडळी, क्रीडा विभागात टाकू की शिक्षण विभागात कळेना म्हणून इथंच टाकतोय, चुकलं असेल तर अ‍ॅडमिननी हलवावं.

आम्ही अनगोळचे. काकांचा मुलगा गेल्या वर्षी एमएसला टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीला गेला. सॅन मार्कोस म्हणून गाव आहे, ऑस्टिन आणि सॅन अँटोनिओच्या मध्ये, म्हणजे आपलं संकेश्वर कसं निपाणी आणि बेळगावच्या मध्ये तसं समजा, फक्त तिथं एका युनिव्हर्सिटीतच ४० हजारांवर पोरं आहेत. हा पठ्ठ्या इथं असताना लेले ग्राउंडवर कधी फिरकला नाही आणि तिथं जाऊन फुटबॉलचं वेड लागलंय, मरून टीशर्ट काय, मांजराचं चित्र असलेली टोपी काय (बॉबकॅट म्हणे, रानमांजर). परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, दादा आमची युनिव्हर्सिटी सन बेल्टमधून बाहेर पडली, १ जुलै २०२६ पासून पॅक-१२ मध्ये, आम्ही वर चाललोय.

झालं. काका शेजारीच बसलेले, त्यांनी एवढंच ऐकलं की युनिव्हर्सिटी बदलली. काकांच्या डोक्यात २०१० बसलंय, धारवाड तोडून आपल्याकडं राणी चन्नम्मा झाली तेव्हा थोरलीच्या डिग्रीवर नाव कोणाचं येणार ह्यावर घरात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आता रोज सकाळी चहाला येऊन विचारतात, "लोन काढून पाठवलंय, सर्टिफिकेट चालंल न्हवं?"

तर माझे प्रश्न. काकांना काय सांगू हा एक. दुसरं म्हणजे हे खरंच प्रमोशन आहे का, कारण मी गूगल केलं तर पॉइंट टेबल बघून कोणी वर गेलंय असं कुठं दिसेना, नुसत्या प्रेसनोटा आणि वकील दिसतात. आणि अजून कुठली कॉलेजं अशी वर जायच्या रांगेत आहेत? भावाशी बोलताना निदान चार वाक्यं यावीत एवढंच.

गणपत_गल्ली_कॉर्नर :

हातात धरून पळतात त्यालाच फुटबॉल म्हणतात ना ते? पायाचा संबंध फक्त पळायला. पास.

ह्यूस्टनचा_येळ्ळूरकर :

पास म्हणालास त्यातच अर्धा खेळ आला बघ 😀

आधी काकांचं मिटवूया. डिग्रीला काहीही होत नाही. कॉन्फरन्स म्हणजे युनिव्हर्सिटी नव्हे आणि संलग्नता पण नव्हे. इकडं प्रत्येक मोठं कॉलेज स्वतःच युनिव्हर्सिटी असतं (आणि बोलताना त्याला 'स्कूल' म्हणतात, मी नवीन आलो तेव्हा मला वाटायचं ऑफिसातली माणसं अजून शाळेच्या मॅचा काय बघतात). कॉन्फरन्स म्हणजे अशा आठ-दहा-अठरा युनिव्हर्सिट्यांनी मिळून केलेला खेळाचा गट. आपसात मॅची खेळायच्या, टीव्हीचा करार एकत्र करायचा आणि येईल तो पैसा वाटून घ्यायचा. काकांना सांगा ही भिशी आहे. टेक्सास स्टेटनं एक भिशी सोडली आणि दुसरी धरली, घर तेच, घरावरची पाटी तीच. सोडताना सन बेल्टला ५० लाख डॉलर द्यावे लागले, ते पण ३० जून २०२५ च्या आत निरोप दिला म्हणून, एक दिवस उशीर झाला असता तर दुप्पट.

आता भिशीत नवीन माणूस घेताना आपण त्याचा आवाज गोड आहे का बघत नाही, हप्ता भरंल का बघतो. इथं पण तेच. तू पॉइंट टेबल शोधत बसलास ते मिळणारच नाही, कारण इथं जिंकून वर जाता येत नाही, वरच्यांनी बोलवायला लागतं.

उतरंड अशी आहे. सगळ्यात वर एसईसी आणि बिग टेन. बिग टेनमध्ये १८ कॉलेजं आहेत, नावावर जाऊ नका. त्यांच्या प्रत्येक जुन्या मेंबरला वर्षाला ५ कोटी डॉलरच्या वर वाटा येतो, म्हणजे आपले चारशे कोटींच्या वर, एका कॉलेजला, एका वर्षात. त्याखाली बिग १२ (कॉलेजं १६) आणि एसीसी. ह्या चौघांना पॉवर कॉन्फरन्स म्हणतात. त्याखाली अमेरिकन, माउंटन वेस्ट, सन बेल्ट, मॅक, कॉन्फरन्स यूएसए. इथपर्यंत सगळं एफबीएस, मिळून १३६ टीमा होत्या २०२५ ला. त्याच्याखाली एफसीएस, तो वेगळा माळा.

पॅक-१२ कुठं बसते हे सांगायचं तर तिची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती लई वाईट आहे. १९१५ पासूनची परंपरा, पॅसिफिक किनाऱ्याची मानाची कॉन्फरन्स. जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए ही लॉस एंजेलिसची दोन कॉलेजं म्हणाली आम्ही बिग टेनला चाललो. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सास आणि ओक्लाहोमानं बिग १२ सोडून एसईसी धरायचं जाहीर केलेलं, तिथूनच सगळ्यांच्या पोटात गोळा आलेला. मग पॅक-१२ ला नवा टीव्ही करार चांगला मिळेना. २०२३ च्या जुलैत कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्टला एका दिवसात ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ ला. आमदार फुटतात तेव्हा रात्री बस भरून हॉटेलवर नेतात ना, तसा दिवस होता तो. महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल पण एसीसीला गेली. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आणि ही दोन्ही पॅसिफिकच्या काठावर! म्हणजे कारवारच्या पोरांनी बीदरची तालुका स्पर्धा खेळायची.

मागं राहिली दोनच, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. बाराची भिशी आणि मेंबर दोन. खरं ती दोघं रडत बसली नाहीत, कोर्टात गेली की जाणाऱ्यांना आता कारभारात मत नको, तिजोरी आमच्या ताब्यात द्या, आणि जिंकली. त्या जोरावर सप्टेंबर २०२४ ला माउंटन वेस्टमधून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट आणि मागाहून युटा स्टेट अशी पाच ओढली. गोन्झागा पण आलं, ते बास्केटबॉलमधलं मोठं नाव, खरं त्यांना फुटबॉलच नाही. एफबीएसमध्ये कॉन्फरन्स म्हणून उभं राहायला फुटबॉलची आठ कॉलेजं लागतात. सात झाली होती. आठवं तुझ्या भावाचं.

आता तूच सांग हे प्रमोशन की काय. माझं मत, अर्धी पायरी वर. नाव मोठं, पैसा सन बेल्टपेक्षा जास्त, सोबतची कॉलेजं तगडी. खरं जुनी पॅक-१२ पॉवरमध्ये होती, ही नाही. वाडा तोच आहे, मानकरी गेले.

निपाणी_बसस्टँड :

कोर्टात गेली आणि जिंकली पण? कधी गेली, सप्टेंबर २०२३, निकाल लागून मोकळे डिसेंबर २०२३?? आमची केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे भावा, त्यांचा वकील कोण होता तेवढं विचारून सांग.

तसं बघायला गेलं तर रिअलाइनमेंट, म्हणजे ही गटबदली, आपल्याला कोण शिकवणार. १९५६ ला आपल्याला न विचारता मुंबईच्या कॉन्फरन्समधून म्हैसूरच्या कॉन्फरन्समध्ये टाकलं, टीव्हीचे पैसे पण मिळाले नाहीत.

अ‍ॅडमिन :

निपाणी, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं ४०० पानं झालीत, तिकडं चला. इथं खेळ.

तालीम_आणि_तांबडा :

मी मूळ कोल्हापूरचा, आता शहापूरला असतो. येळ्ळूरकरांनी छान समजावलं पण मला एक पटत नाही, ते भिशी म्हणतात, भिशीत निदान प्रत्येकाचा नंबर लागतो. इथं कुणाचा लागतो?

आमच्याकडं पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ह्या तालमींच्या टीमा शाहू स्टेडियमला खेळतात, तिथं पोरगं एका पेठेची तालीम सोडून दुसरीकडनं खेळलं तर वर्षभर गल्लीत तोंड दाखवायची चोरी, पण तालीम कधी पेठ सोडून जात नाही. ती जाणार कुठं? पाटाकडील उठून उद्या पुण्याच्या लीगमध्ये गेली की तिकडं स्पॉन्सर चांगला मिळतो म्हणून, तर बघायला कोण जाईल? ह्यांचं उलटं आहे, अख्खी तालीमच उठून जाते आणि बघणारा म्हणतो वा आम्ही वर चाललो. आपल्याकडं कितीही गोंधळ असला तरी आय-लीग जिंकून पंजाब २०२३ ला आयएसएलमध्ये गेलं, २०२४ ला मोहमेडन गेलं, मैदानात जिंकून गेले. अमेरिका म्हणजे मेरिट मेरिट म्हणून आपल्याला सांगतात आणि स्वतःच्या खेळात वशिला.

खानापूरची_अक्का :

मला फुटबॉल कळत नाही खरं एक सांगतो. (बाई असून "सांगतो" लिहितो म्हणून पुण्याच्या लोकांनी दुरुस्त करू नये, आमच्यात असंच बोलतात.)

मी डिग्रीला असताना खो-खो खेळत होतो, आमच्या कॉलेजचं नाव काढत नाही, मॅडम अजून आहेत. तेव्हा युनिव्हर्सिटी धारवाड होती, इंटर कॉलेजच्या मॅचला धारवाड म्हणजे पहाटेची बस, संध्याकाळी घरला. मग माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळेला राणी चन्नम्मा आली, तर हिची मॅच एकदम विजापूरला लागली. दोनशे किलोमीटर. लाल बसमधून बारा पोरी, एक सर, जेवणाला भत्ता किती तर विचारू नका, डबा घरनंच बांधून दिलता आईनं, भाकरी आणि शेंगाची चटणी. परत आली ती तापानं. खो-खो बदलला नव्हता, पोरी त्याच, नकाशावरची रेघ तेवढी हलली.

आणि झोनचं म्हणाल तर अजून मजा. कोल्हापूरची शिवाजी युनिव्हर्सिटी वेस्ट झोनला आणि आम्ही साउथ झोनला. कोल्हापूर आम्हाला किती लांब, सकाळी जाऊन अंबाबाईचं दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला परत येतंय माणूस. खरं झोनला त्यांच्याशी गाठ पडत नाही, आमच्या पोरींनी खेळायचं केरळ आणि तमिळनाडूच्या पोरींशी, दोन रात्री रेल्वेत.

म्हणून विचारतो ह्यूस्टनच्या दादांना, तिथं फुटबॉलच्या पैशासाठी कॉलेज हललं की बाकीच्या खेळाच्या पोरी पण हलतात का? का त्यांचं वेगळं?

ह्यूस्टनचा_येळ्ळूरकर :

अक्का, नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

हलतात, जवळपास सगळे. यूसीएलएची व्हॉलीबॉलची, सॉफ्टबॉलची पोरगी आता न्यू जर्सीच्या रटगर्सला खेळायला देशाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जाते, घड्याळ तीन तास पुढं. फुटबॉलवाल्यांचं बरं असतं, वर्षाला साधारण बारा मॅचा, त्यातल्या बाहेरच्या निम्म्याच, त्या पण बहुतेक शनिवारी, चार्टर विमान. बाकीच्या खेळांना मॅचा जास्त आणि मधल्या वारी पण, विमानतळावर फरशीवर बसून असाइनमेंट लिहिणाऱ्या पोरी मी स्वतः बघितल्यात डॅलसला. टेक्सास स्टेटचं पण तेच होणार, सन बेल्टमध्ये लुइझियाना, आर्कान्सा असली शेजारची गावं होती, आता पुलमन, वॉशिंग्टन. पार कॅनडाच्या अंगाला.

तालीमवाले, तुमचा मुद्दा अर्धा मान्य. मैदानात जिंकून सरळ वर जाता येत नाही हे खरं, खरं जिंकल्याशिवाय कोण दारात पण उभं करत नाही. जेम्स मॅडिसन बघा, व्हर्जिनियातलं. एफसीएसला जिंकत होते म्हणून २०२२ ला सन बेल्टनं वर घेतलं. पहिल्याच वर्षी ११ पैकी ८ जिंकल्या आणि तरी फायनल खेळू दिली नाही, का तर नवीन आहात, आधी दोन वर्षं तुमची तपासणी. आणि २०२५ च्या सीझनला तेच जेम्स मॅडिसन १२ टीमांच्या राष्ट्रीय प्लेऑफमध्ये. ओरेगनकडून ५१-३४ हरले ते सोडा, तीन-चार वर्षांत तिथं पोचले. त्यांना वर आणणारा कोच कर्ट सिग्नेटी, त्याला मधेच इंडियानानं उचललं आणि त्यानं इंडियानाला त्याच सीझनला नॅशनल चॅम्पियन केलं. कोचला प्रमोशन आहे बरं का इकडं, कॉलेजलाच नाही.

उलट उदाहरण नॉर्थ डकोटा स्टेट. एफसीएस दहा वेळा जिंकलं, २०११ पासून २०२४ पर्यंतच्या सीझनांत दहा! आणि तरी २०२५ च्या सीझनपर्यंत खालीच होतं, कारण लहान गाव, टीव्ही बघणारे कमी, बोलवणार कोण. त्यात २०२३ ला एनसीएएनं (कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी देशपातळीची संस्था) वर यायच्या अर्जाची फी ५ हजार डॉलरवरून ५० लाख डॉलर केली. पाच हजारावरून पन्नास लाख. गर्दी कमी करायची असली की दार बंद करत नाहीत, उंबरा वाढवतात.

आता मूळ प्रश्न, पुढं कोण. माझा अंदाज आहे, पैज लावू नका.

मेम्फिस. फेडेक्सचं गाव, पैशाला तोटा नाही, बिग १२ च्या दारात कधीपासून उभं. सप्टेंबर २०२४ ला नव्या पॅक-१२ नं मेम्फिस, टुलेन, साउथ फ्लोरिडा आणि यूटीएसए ह्या चौघांना बोलावलेलं, चौघांनी मिळून नाही सांगितलं, आम्ही अमेरिकनमध्येच राहतो म्हणून. लोकांना वाटलं निष्ठा. निष्ठा कसली, एवढं लांब जायचा खर्च धरला तर हातात काय उरणार हा हिशोब, आणि वरच्या चौघांचं बोलावणं येईल ही आशा. साउथ फ्लोरिडा कॅम्पसवर स्वतःचं स्टेडियम बांधतंय, तेही त्याच आशेवर. गंमत म्हणजे यूटीएसए आहे सॅन अँटोनिओला, तुझ्या भावाच्या गावापासून तासाभराच्या आत. त्यांनी नाकारलेल्या टेबलावर टेक्सास स्टेट जाऊन बसलं, हे भावाला यूटीएसएच्या पोरांसमोर बोलायला सांगू नकोस.

बॉइझी स्टेट निळ्या मैदानावर खेळतं, २०२४ ला प्लेऑफ खेळलं, खेळाच्या हिशोबानं कधीच वर हवं होतं, तरी आयडाहोच्या कोपऱ्यात असल्यामुळं अडकलंय. कनेटिकट बघा, पुरुषांच्या बास्केटबॉलला २०२३ आणि २०२४ असं लागोपाठ नॅशनल चॅम्पियन, आणि त्याच २०२४ ला बिग १२ शी बोलणी फिसकटली, कारण फुटबॉल कच्चा.

मोठी हालचाल मला २०३० च्या आसपास दिसते. बिग टेन आणि बिग १२ चे टीव्ही करार तेव्हाच संपतात, आणि एसीसी सोडायचा दंड दरवर्षी उतरत २०३०-३१ ला साडेसात कोटी डॉलरवर येणार. तो दंड उतरवून घ्यायलाच फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन आपल्याच कॉन्फरन्सविरुद्ध कोर्टात गेलेली, २०२५ च्या मार्चला तडजोड झाली. एवढा खटाटोप करून दंड कमी करून घेणारी माणसं तिथंच राहणार आहेत होय? आणि आता पोरांना थेट पैसे द्यायचे, २०२५-२६ ला कॉलेजमागे जास्तीत जास्त २ कोटी ५ लाख डॉलर अशी मर्यादा आहे. वरच्यांना ते परवडतं. खालच्यांचं निम्मं बजेट त्यात जाईल.

निपाणी_बसस्टँड :

ओके, खेळावरच बोलतो. एसएमयू (सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटी) एसीसीत कसं घुसलं मग? डॅलसचं. माझा मेहुणा तिथं आहे, तो सारखा सांगत असतो.

ह्यूस्टनचा_येळ्ळूरकर :

पैसे न घेता! एसीसीला म्हणाले नऊ वर्षं टीव्हीचा वाटा आम्हाला नको, फक्त आत घ्या. त्यांचे माजी विद्यार्थी तेलवाले आणि जमीनवाले, टीव्हीचं अडलंय कुणाला. त्यामागं जुनी जखम आहे. जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला मोडली तेव्हा टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, बेलर ही चार बिग १२ ला गेली आणि एसएमयूला बाहेर ठेवलं. त्याच्या आधी १९८७ ला तर पोरांना चोरून पैसे दिले म्हणून त्यांचा अख्खा सीझनच रद्द केलेला. (आज तेच पैसे चेकनं देतात.) बाहेर राहून २८ वर्षं काढली, २०२४ ला आत आले आणि पहिल्याच वर्षी एसीसीच्या फायनलला.

तालीम_आणि_तांबडा :

२८ वर्षं कळ काढून फुकट आत गेले, आणि पहिल्या वर्षी फायनल. हे मात्र मानलं. हा तालमीचा स्वभाव.

खानापूरची_अक्का :

ते सगळं व्हय, खरं फी कोण भरतंय? पोरं लोन काढून गेलीत की.

ह्यूस्टनचा_येळ्ळूरकर :

अक्का, टेक्सास स्टेटमध्ये विद्यार्थ्यांच्या फीमध्ये खेळाची फी असते, सांबराच्या भावाच्या बिलावर बघा सापडेल. ती पण लादलेली नाही, एफबीएसला जायचं म्हणून २००८ ला तिथल्या पोरांनीच मतदान करून फी वाढवून घेतली, मग २०१२ ला वर गेले. आणि पहिली बोल (सीझनच्या शेवटी बोलावून खेळवतात ती मानाची मॅच) जिंकायला २०२३ उजाडलं. मत दिलेली पोरं तोवर पोराबाळांची झाली असतील.

सांबरा_टू_सॅन_मार्कोस :

सगळ्यांचे आभार. येळ्ळूरकर, तुम्हाला बेळगावला आलात की कुंदा माझ्याकडून.

काकांना भिशीचं सांगितलं, लगेच पटलं. पण त्यांचा पुढचा प्रश्न तयार, "मग हेचा हप्ता आम्हीच भराला लागलाव की." भावाला फोन लावून बिल उघडायला लावलं, फी निघाली, तो आजवर जिमची समजत होता. त्याला म्हटलं बाबा तू एमएस करून दोन वर्षांत बाहेर पडणार, तू वर चाललास की तुझा पैसा? तर म्हणतो दादा लिंडन जॉन्सन आमच्या कॉलेजचा, प्रेसिडेंट झाला. हे काकांना आवडलं, आता गल्लीत तेवढंच सांगत फिरतात.

एकच राहिलं, मॅच बघायची झाली तर आपल्याकडं किती वाजता?

ह्यूस्टनचा_येळ्ळूरकर :

सॅन मार्कोसला शनिवारी संध्याकाळी सातची असली तर तुमच्याकडं रविवारी पहाटे साडेपाच. पॅसिफिकच्या बाजूला सातची असली तर सकाळी साडेसात. थंडीत घड्याळ बदललं की एक तास पुढं धरा.

सांबरा_टू_सॅन_मार्कोस :

साडेसात बरं. हाफटाइमला मटण आणून होतंय.